दूध टाकणाऱ्या बाळाला वरचे अन्न

सहा महिने पुरे झाले, उष्टावणाची खीर चाटवली आणि बाळाने ती लगेच ओकून टाकली. मग घरात सल्ले सुरू होतात. आजी म्हणते, 'त्याला अजून पचत नाही, वर्षापर्यंत दूधच द्या.' शेजारीण सांगते, 'वरणाचे पाणी द्या, तेवढे पोटात राहते.' सल्ले मायेपोटी असले तरी बाळाच्या हिताचे नाहीत. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर लोहाची गरज भागत नाही, आणि वरणाच्या पाण्यात पोषण फारच थोडे असते.

अन्ननलिका व जठर यांच्यामधला स्नायू तान्हेपणी सैल असतो, म्हणून दूध वर येते. बाळ खेळते आहे, वजन वाढते आहे, तर घाबरू नये. बहुतेक बाळांची ही तक्रार वर्ष-दीड वर्षात थांबते.

काही बाळांना मात्र विशिष्ट पदार्थच सोसत नाही. त्यात गाईच्या दुधातील प्रथिने प्रमुख होत. अशा बाळाला उलट्यांबरोबर अंगावर गांधी, पुरळ किंवा शौचावाटे रक्त असे त्रास होऊ शकतात. शेळीचे किंवा म्हशीचे दूध हा त्यावर उपाय नव्हे. त्यातील प्रथिने बरीचशी तशीच असतात.

आता खिरीचेच पाहा. तिच्यात दूध, तांदूळ, साखर, सुकामेवा सारे एकत्र असते. त्रास कशाने झाला हे कळणार कसे? म्हणून एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा. प्रथम तीन दिवस मऊ भात, आईच्या दुधात कुस्करून, सकाळी एक-दोन चमचे. सकाळी दिल्यास दिवसभर लक्ष ठेवता येते. तो सोसला की मुगाची दाट डाळ. पुढे तीन-तीन दिवसांनी नाचणी, भोपळा, केळे. घास चमच्यावरून ओघळू नये इतका दाट असावा. दुधाची शंका असल्यास तुपाऐवजी थोडे तेल घालावे. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर पदार्थ आणि त्रास लिहून ठेवावा.

बाळाला ताठ बसवून भरवावे व नंतर अर्धा तास उभे धरावे. झोपवताना पाठीवरच झोपवावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. वर्षापर्यंत मध, मीठ, साखर देऊ नये. अंडे व शेंगदाण्याचे बारीक वाटण वर्षभर लांबवण्याची जरुरी नाही. मात्र बाळाला इसब असेल किंवा पूर्वी एखादा पदार्थ बाधला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एकदा थोडे ओकले म्हणून पदार्थ कायमचा बंद करू नये. आठवड्याने पुन्हा द्यावा. परंतु ज्याने गांधी उठल्या, शौचातून रक्त गेले किंवा दोन-तीन तासांनी उलट्यांवर उलट्या झाल्या, तो पदार्थ घरी पुन्हा देऊन पाहू नये.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, ओठ-चेहऱ्यावर सूज, धाप, मलूलपणा, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. एरवी दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करावे. वजन वाढत असेल तर सांडलेल्या घासांची चिंता नको; वाढत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर नको.