चौकट घरी करा, चित्र पारखून घ्या



एचडीएमआयचे तोंड असलेला जुना मॉनिटर अडगळीत असेल तर टाकू नका. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक (२०१२ पासून मिळतो), मेमरी कार्ड, केबल आणि ५ व्होल्टचा पुरवठा, एवढ्यात चित्रे बदलणारी चौकट होते. मागे हवेला फट ठेवा. वीज अचानक गेल्यास कार्ड बिघडू शकते; चित्रांची दुसरी प्रत ठेवा.

स्टेबल डिफ्यूजनसारखी (२०२२) यंत्रणा शब्दांवरून चित्र रचते, शेत बघून नव्हे. मी उसाची काणी मागितली, तर शेंड्याच्या काळ्या चाबकाऐवजी ज्वारीचे कणीस आले! शोभेला अशी चित्रे खुशाल लावा. रोग मात्र फडातच ओळखा: चाबूक पिशवीत धरून कापा, बेट खणून जाळा आणि शेतकी ऑफिसला कळवा.