घळईतून जाणारी वाट

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे माँ ब्लाँचा पर्वतसमूह उभा आहे. माँ ब्लाँ म्हणजे शुभ्र पर्वत. त्याचा माथा 4,800 मीटरांहून अधिक उंच असून आल्प्स पर्वतातील ते सर्वोच्च शिखर होय. या पर्वताला वळसा घालून पुन्हा मूळ जागी आणून सोडणारी एक जुनी वाट आहे. जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1767 साली या पर्वताभोवती फेरी केली, तेव्हा खडक, बर्फ आणि वनस्पती यांचे निरीक्षण करीत ते सावकाश चालले होते. आजचे पदयात्री ही फेरी साधारणतः सात ते दहा दिवसांत पुरी करतात. परंतु याच वाटेने न थांबता, रात्रीचा दिवस करून धावत जाणारेही लोक आहेत.

ही शर्यत 2003 साली सुरू झाली. फ्रान्समधील शामोनी या गावी ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी ती सुटते. सुमारे 170 किलोमीटर अंतर आणि सगळे चढ एकत्र मोजले तर जवळजवळ 10,000 मीटरांची चढण! शर्यत पुरी करण्यास साडेशेहेचाळीस तासांची मुदत असते. अतिशय चपळ धावपटू ती वीस तासांच्या आसपास पुरी करतात. बाकीच्यांना मात्र एक सबंध दिवस आणि दोन रात्री डोंगरातच काढाव्या लागतात. मैदानावरील शर्यतीत धावपटूच्या पायांखाली सपाट माती असते. येथे दगड, चिखल, झाडांची मुळे, कधी बर्फ, आणि बराच वेळ अंधार. म्हणून प्रत्येकाने कपाळावर बांधावयाचा दिवा, त्याचे जादा सेल, पाऊस रोखणारा अंगरखा, शिट्टी, ऊब धरून ठेवणारी चकचकीत चादर आणि पिण्याचे पाणी जवळ बाळगलेच पाहिजे, असा नियम आहे.

पहिल्याच वर्षी पावसाने आणि थंडीने कहर केला. शर्यतीसाठी 722 जण निघाले. संपूर्ण फेरी पुरी करणारे निघाले अवघे 67. त्यांत सर्वांच्या पुढे होता दावा दाचिरी शेर्पा. हिमालयाच्या कुशीत, नेपाळमधील सोलुखुंबू भागात जन्मलेल्या या माणसाने आल्प्सची ही पहिली फेरी वीस तासांहून किंचित अधिक वेळात जिंकली. पुढे हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने नेपाळचे प्रतिनिधित्व केले. 2006 व 2007 या दोन्ही वर्षी जिंकलेला इटलीचा मार्को ओल्मो तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. केवळ तरुण पायांच्या वेगावर येथे भागत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

शामोनीहून निघालेले धावपटू पस्तीसेक किलोमीटर अंतर तोडून एका अरुंद दरीच्या तोंडाशी येतात. तोवर रात्र झालेली असते. मोटारींचा रस्ता येथे संपतो. रस्त्याच्या टोकाशी सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे एक देखणे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव नोत्र दाम द ला गोर्ज, म्हणजे घळईची माउली. गावोगावचे लोक गळ्यातल्या घंटा हाती घेऊन येथे जमतात. आल्प्समधील गाईंच्या गळ्यात बांधतात त्याच या घंटा. त्यांच्या नादात धावपटूंना निरोप मिळतो. आणि पुढच्याच वळणावर तो नाद मागे पडून दुसराच एक आवाज कानी येऊ लागतो. तो असतो पाण्याचा.

या प्रवाहाचे नाव बाँ नाँ. ‘नाँ’ हा त्या प्रदेशातील बोलीचा शब्द असून त्याचा अर्थ डोंगरातला ओढा असा आहे. ‘बाँ’ म्हणजे चांगला. हा चांगला ओढा स्वभावाने मात्र शांत नाही. वरच्या बाजूस त्रे-ला-तेत नावाची हिमनदी आहे. तिच्या वितळलेल्या पाण्याने या खोऱ्यातील प्रवाह भरतात. हिमनदी खडकाला घासत पुढे सरकते, तेव्हा त्याचे पीठ होते. ते पीठ घेऊन येणारे पाणी उन्हाळ्यात दुधासारखे पांढुरके दिसते.

अशा पाण्यानेच घळई कोरली जाते. पाणी एकट्याने खडक कापीत नाही. ते आपल्याबरोबर वाळू आणि गोटे आणते. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच ठिकाणी गरगर फिरू लागला, की खाली वाटोळा खड्डा पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, ते असेच तयार झालेले आहेत. शेजारशेजारचे खळगे वाढत वाढत एकमेकांस मिळाले, म्हणजे मधली भिंत ढासळते आणि प्रवाहाचा तळ खोल जातो. काठाचा खडक कठीण असेल, तर तो लवकर झिजत नाही. म्हणून दरी रुंद न होता खोलच होत जाते. हे काम हजारो वर्षे चालते. प्रार्थनामंदिराच्या वरच्या अंगास पाण्याने कोरलेला एक नैसर्गिक दगडी पूलही आहे. पण रात्री धावणाऱ्याच्या दृष्टीस तो कोठून पडणार?

घळईच्या कडेने चढणाऱ्या वाटेला लोक रोमन रस्ता म्हणतात. मोठमोठ्या शिळा बसवून ती बांधलेली आहे. पावसात त्या शिळा बुळबुळीत होतात, आणि चढही असा उभा आहे की येथे फार थोडे जण धावतात. बहुतेक जण हातांतील काठ्या टेकीत, वाकून, चालत चढतात. धावण्याच्या शर्यतीत चालणे ही लाज नव्हे. पुढची रात्र ज्याला ठाऊक आहे तो येथे दम राखूनच ठेवतो.

या वाटेने धावपटू एका संरक्षित प्रदेशात शिरतात. ले कोंतामीन-माँजुआ या गावाच्या हद्दीतील सुमारे 5,500 हेक्टर भूमी फ्रान्सने 1979 साली निसर्गरक्षणासाठी राखून ठेवली. खालच्या अरण्यापासून 3,892 मीटर उंचीच्या हिमशिखरापर्यंत ती पसरलेली आहे. खाली सूचीपर्णी वृक्ष, त्यावर गवताळ कुरणे, त्यावर दगडांचे पसारे आणि शेवटी बर्फ, असे थर चढणाऱ्यास एकामागून एक लागतात. कुरणांत मार्मोट नावाचे प्राणी बिळे करून राहतात. मार्मोट हा खारीचाच थोरला भाऊबंद. धोका दिसताच तो कर्कश शीळ घालतो आणि त्याचे सारे गोत क्षणात बिळात नाहीसे होते. हिवाळ्याचे सुमारे सहा महिने तो झोपेतच काढतो. तेवढ्यासाठी लागणारी चरबी त्याला उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत अंगावर चढवावी लागते. घाबरून बिळात दडण्यात गेलेला त्याचा प्रत्येक घटकाभर चरण्यातून वजा होतो.

आणि झाडे? दोन हजार मीटरांच्या वर झाड उभे राहणे कठीणच. तेथे जमिनीला बिलगून राहणाऱ्या वनस्पती असतात. सिलीन नावाची एक वनस्पती हिरव्या उशीसारखी वाढते व उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी झाकून जाते. तिची वाढ इतकी मंद, की तळहाताएवढी उशी होण्यास कित्येक वर्षे लागतात. मोठ्या उशीचे वय शंभर वर्षांहूनही अधिक असू शकते. तिच्याखाली असते ती माती थोडीच, आणि ती साठण्यास त्याहूनही अधिक काळ गेलेला असतो.

आता त्या चढावरच्या धावपटूकडे पाहावे. मध्यरात्र झालेली आहे. कुरणे मागे टाकून तो बोनोम खिंडीकडे चढत आहे. खिंड 2,329 मीटर उंचीवर आहे. प्रार्थनामंदिरापासून 1,100 मीटरांहून अधिक चढण. वाट नागमोडी वळणे घेते. वर पाहिले, तर दिव्यांची एक माळ आकाशापर्यंत गेलेली दिसते; खाली पाहिले, तरी तशीच. पाय भरून आले आहेत. वळणाच्या टोकापर्यंत जाऊन परत यावयाचे म्हणजे साठ पावले. सरळ वर चढले तर दहा. मधे गवतच तर आहे! आपण एकट्याने एकदा पाय ठेवला, तर असे काय बिघडणार, असे त्याच्या मनात येते.

बिघडते ते असे. पहिल्या पावलाने गवत दबते. मागून येणाऱ्याच्या दिव्यात ते दबलेले गवत वाटेसारखे दिसते, म्हणून तोही तिकडूनच चढतो. शर्यतीला सुमारे 2,500 जण निघतात, आणि उन्हाळाभर पदयात्रीही याच वाटेने येत असतात. गवत मरते, मुळे उघडी पडतात. मग पाऊस येतो. नागमोडी वाटेवर पाण्याला वळणे घ्यावी लागतात, त्यामुळे त्याचा वेग मोडतो. सरळ वाटेवर त्याला अडविणारे कोणी नसते. ते माती घेऊन खाली धावते आणि उतारावर एक चर पाडते. पुढच्या वर्षी चर खोल होतो. घळई कोरण्यास पाण्याला हजारो वर्षे लागली. पण कोवळ्या मातीतला हा चर पाडण्यास काही पावसाळी दिवस पुरतात, आणि तेथे पुन्हा हिरवळ उगवण्यास माणसाचे आयुष्यही अपुरे पडू शकते.

म्हणूनच शर्यतीत आखलेली वाट सोडून जवळची वाट धरणाऱ्यास आणि कचरा टाकणाऱ्यास शिक्षा होते. तथापि मध्यरात्री, धुक्यात, त्या वळणावर पंच उभा नसतो. तेथे जो वळणाच्या टोकापर्यंत जातो, तो आपल्याच मनाच्या हुकमाने जातो.

हा डोंगर मनुष्यालाही सूट देत नाही. 2010 साली वादळी पावसामुळे शर्यत सुरू झाल्यानंतर काही तासांतच थांबवावी लागली होती. खिंडीच्या अलीकडे ‘बायकांचे पठार’ अशा अर्थाच्या नावाची एक जागा आहे. एक कुलीन स्त्री आणि तिची दासी फार पूर्वी येथे हिमवादळात सापडून मरण पावल्या, असे सांगतात. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दगडांचा ढीग रचलेला असून, येणाऱ्याजाणाऱ्याने त्यावर एक दगड ठेवावा, अशी जुनी चाल आहे. धावपटूंच्या पायाला उसंत नसते. ते त्या ढिगाजवळून निघून जातात.

पहाटेपूर्वी शेवटचा दिवाही खिंडीपलीकडे उतरतो. त्याच्या मागोमाग काही स्वयंसेवक चालत येतात. वाट दाखविण्यासाठी लावलेल्या खुणेच्या पट्ट्या ते एकेक करून काढून घेतात आणि कोणाच्या हातून पडलेले खाऊचे कागद वेचतात. एखाद्या वळणावर गवत तुडविलेले आढळले, की राखीव क्षेत्राचे रक्षक मागाहून तेथे दगड व फांद्या आडव्या घालून ती चोरवाट बंद करतात. उजाडल्यावर कुरणातील गाईंच्या घंटा वाजू लागतात. बराच वेळ दडून बसलेला एखादा मार्मोट बिळाबाहेर डोके काढतो, चहूकडे पाहतो, आणि चरावयास लागतो.