शब्दाचा धडा : 'ऑब्सीक्विअस'



इंग्रजी वाचताना आपल्या मुलांना आज ना उद्या एक विशेषण भेटेल : 'ऑब्सीक्विअस'. उच्चारताना जोर 'सी'वर द्यावा. अर्थ असा : नको तितका लवणारा, पुढेपुढे करणारा, हांजी हांजी करणारा.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. 'सीक्वेन्स' म्हणजे क्रम, हा शब्दही त्याच मुळाचा. इंग्रजीत 'ऑब्सीक्विअस' प्रथम आला तेव्हा त्याचा अर्थ चांगला होता : आज्ञाधारक, सेवातत्पर. वाईट अर्थ त्याला मागाहून चिकटला.

उदाहरण घेऊ. चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड' (१८४९-५०) या कादंबरीत युराया हीप नावाचा वकिलाचा कारकून आहे. आपण किती नम्र, किती लहान, हे तो घडोघडी सांगतो आणि आतून मालकाचाच व्यवसाय गिळतो. त्याची किळस येते. पण एके ठिकाणी तो सांगतो की, धर्मादाय शाळेत आम्हाला हेच शिकवले : इथे टोपी काढा, तिथे वाका. म्हणजे लाचारी रक्तात नसते, ती शिकवलेली असते.

आपल्याकडेही ती शिकवली गेली. माझे आजोबा वाड्यासमोरून पायताण हातात घेऊन जात. वडील स्वतःच्या हक्काचा दाखला मागतानाही हात जोडून उभे राहत. त्यांना मी हे विशेषण लावणार नाही. ते भीतीने वाकले होते. मी मात्र पदवी घेऊन नोकरीला लागलो आणि वरिष्ठांच्या उघड चुकीला "बरोबर आहे, साहेब" म्हणालो. हेतू बढतीचा होता. तेव्हा हा शब्द मला लागू पडला.

मग मुलांना उद्धटपणा शिकवावा काय? मुळीच नाही. महामंगल सुत्तात आदर आणि नम्रता ही दोन्ही मंगले सांगितली आहेत. नम्र माणूस खरे तेच सांगतो, पण सौम्यपणे. लाचार माणूस समोरच्याला आवडेल ते सांगतो. एवढा फरक मुलांना समजला तरी पुरे.

अभ्यास (घरात सर्वांनी मिळून करावा) :
खालीलपैकी कोणते वागणे नम्रतेचे, कोणते भीतीचे आणि कोणते 'ऑब्सीक्विअस'?
१. गुरुजींना उभे राहून नमस्कार करणे.
२. कचेरीत स्वतःचा दाखला मागताना "मायबाप" म्हणणे.
३. काम मिळावे म्हणून सरपंचाच्या चुकीला मान डोलावणे.

उत्तर आधी मुलांना देऊ द्या. ते चुकले तर रागावू नका, कारण विचारा.