एका छायाचित्राच्या नऊ चौकटी
(समाजमाध्यमावरील दर्शनी पृष्ठाची मांडणी : एक अभ्यास)

व्यापारात दर्शनी भागाला नेहमीच महत्त्व राहिले आहे. बाजारपेठेतील दुकानदार सकाळी दुकान उघडल्यावर आपला सर्वांत देखणा माल पुढे मांडतो. रस्त्याने जाणाऱ्याची नजर तेथे क्षणभर थांबली, की पुढील बोलण्यास वाट मिळते. गेल्या काही वर्षांत हा दर्शनी भाग भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही अवतरला आहे. घरगुती मसाले, हातमागाची वस्त्रे, मातीची भांडी वा दिवाळीचा फराळ विकणाऱ्या अनेक लघुउद्योजकांसाठी, मग ते महाराष्ट्रात असोत वा इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत, इन्स्टाग्रामवरील प्रोफाइल हीच दुकानाची काच झाली आहे.

या पृष्ठावर काही वेळा एक वेगळीच मांडणी आढळते. सुट्या छायाचित्रांऐवजी एकच मोठे चित्र तीन, सहा किंवा नऊ चौकटींत विभागून लावलेले असते आणि पृष्ठ उघडताच ते सलग दिसते. हे काम अवघड नाही. मात्र त्यात क्रम, माप आणि सुरक्षितता या तिन्ही बाबींचे भान ठेवावे लागते. यांपैकी एकीकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी शोभेऐवजी विस्कळीतपणा पदरी येतो आणि प्रसंगी आर्थिक नुकसानही होऊ शकते.

जुन्या कलेचे नवे रूप

मोठे चित्र लहान तुकड्यांत विभागून पुन्हा जोडण्याची कल्पना नवी नाही. पणजी येथील मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतींवर चकाकीच्या फरशांची चित्रमाला आहे. पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांची ही १९३५ सालची कृती असून तीत कामोंइश या कवीच्या महाकाव्यातील प्रसंग रंगविलेले आहेत. अशा चित्रांत प्रत्येक फरशी स्वतंत्रपणे भाजली जाते आणि नंतर भिंतीवर शेजारीशेजारी बसविली जाते. गवंड्याचा गोंधळ होऊ नये म्हणून फरशीच्या पाठीवर अक्षरे व अंक लिहिण्याची रीत होती.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतील नकाशांतही हेच तत्त्व आहे. चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश व्यापणाऱ्या एका मोठ्या चौकटीचे सोळा भाग आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग करून प्रत्येक पत्रकास स्वतंत्र क्रमांक दिला जातो. क्रमांक ठाऊक असला, की कोणते पत्रक कोणत्या पत्रकाशेजारी ठेवावे हे आपोआप कळते. तुकडे करण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्याची जागा निश्चित करणे, हा या दोन्ही उदाहरणांतील धडा इन्स्टाग्रामच्या पृष्ठासही तंतोतंत लागू पडतो.

पृष्ठाची रचना

इन्स्टाग्रामचा आरंभ ऑक्टोबर २०१० मध्ये झाला. सुरुवातीस तेथे केवळ चौरस छायाचित्रे ठेवता येत असत. २०१५ मध्ये आडव्या व उभ्या छायाचित्रांनाही अनुमती मिळाली. प्रोफाइलवरील जाळी मात्र दीर्घकाळ चौरस घरांचीच राहिली. एका ओळीत तीन घरे, अशी ही रचना होती. जानेवारी २०२५ मध्ये या घरांचा आकार बदलून तो उभा, म्हणजे रुंदी तीन भाग व उंची चार भाग, असा करण्यात आला. ओळीतील घरांची संख्या तीनच राहिली.

या एका बदलाचा परिणाम लक्षणीय ठरला. पूर्वी १०८० पिक्सेल रुंद व तितकेच उंच असे चौरस तुकडे करून लावलेले चित्र नव्या उभ्या घरात आपोआप बसविले गेले, तेव्हा रुंदीपैकी केवळ ८१० पिक्सेल दिसू लागले. म्हणजे प्रत्येक बाजूस १३५ पिक्सेल झाकले गेले आणि दोन शेजारच्या तुकड्यांच्या सांध्यावर मूळ चित्राची २७० पिक्सेल रुंदीची पट्टी अदृश्य झाली. सांध्यावर चेहरा असेल तर त्याचे नाक नाहीसे व्हावे आणि अक्षर असेल तर शब्द तुटावा, अशी ही अवस्था. म्हणूनच जुन्या मार्गदर्शनात दिलेली चौरस मापे आता वापरू नयेत.

मापांचे गणित

समजा, येवल्यातील एका विणकर कुटुंबास आपल्या पैठणीचा पदर नऊ चौकटींत मांडावयाचा आहे. पदरावर मोर, पोपट व वेलबुट्टी आहे. प्रत्येक चौकटीचे माप १०८० पिक्सेल रुंद व १४४० पिक्सेल उंच असे धरल्यास संपूर्ण चित्र ३२४० पिक्सेल रुंद व ४३२० पिक्सेल उंच असावे लागते. सहा चौकटींसाठी हेच माप ३२४० गुणिले २८८० आणि तीन चौकटींच्या एका ओळीसाठी ३२४० गुणिले १४४० असे येते.

येथे एक सोयीची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तीन ओळी व तीन स्तंभ असल्यास संपूर्ण चित्राचे प्रमाणही तीनास चार असेच राहते आणि बहुतेक भ्रमणध्वनींचा कॅमेरा उभा धरल्यास छायाचित्र याच प्रमाणात निघते. ३०२४ गुणिले ४०३२ पिक्सेलच्या छायाचित्राचे नऊ समान भाग केले, तर प्रत्येक भाग १००८ गुणिले १३४४ पिक्सेलचा होतो. हे माप अपेक्षित मापाच्या जवळ असल्याने सामान्य फोनवरील छायाचित्रही या कामास पुरते. मात्र ते मूळ स्वरूपातच घ्यावे. संदेशवहनाच्या ॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आकुंचित होते. त्याचे नऊ भाग केल्यावर जरीचा तारही धूसर दिसतो.

काही जण चारास पाच या प्रमाणातील, म्हणजे १०८० गुणिले १३५० पिक्सेलचे तुकडे वापरतात. तसे केल्यास जाळीत प्रत्येक तुकड्याची सुमारे १०१२ पिक्सेल रुंदीच दिसते व दोन्ही कडांस प्रत्येकी ३४ पिक्सेल झाकले जातात. तेवढा भाग शेजारच्या तुकड्याशी सामाईक ठेवला नाही, तर सांधा जुळत नाही. नवशिक्याने या खटाटोपात न पडता तीनास चार हेच प्रमाण स्वीकारणे श्रेयस्कर.

चित्राची निवड

मापाइतकीच निवडही महत्त्वाची असते. विभागलेले चित्र दोन प्रकारे पाहिले जाते. जो प्रोफाइलवर येतो त्यास ते सलग दिसते. परंतु अनुयायांच्या पडद्यावर प्रत्येक तुकडा सुटा पोहोचतो. पदराच्या चित्रातील एका तुकड्यात केवळ रिकामे जांभळे कापड आले, तर ते पाहणाऱ्यास काहीच बोध होत नाही. यासाठी प्रत्येक चौकटीत एखादी तरी पूर्ण आकृती येईल, असे चित्र घ्यावे. एका चौकटीत मोर, दुसरीत पोपट, तिसरीत काठाची वीण, अशी योजना साधली म्हणजे सुटा तुकडाही बोलका होतो.

चौकटींमध्ये बारीक रेषेइतके अंतर राहते. त्यामुळे चेहरा, अक्षरे, किंमत वा दूरध्वनी क्रमांक सांध्यावर येऊ देऊ नये. पैसे भरण्याचा क्यूआर कोड तर अशा चित्रात मुळीच घालू नये. तो दोन चौकटींत विभागला गेल्यास निरुपयोगी ठरतो.

विभागणी व क्रम

विभागणीसाठी संगणकावर गिम्पसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. त्यात चित्रावर दोन उभ्या व दोन आडव्या मार्गदर्शक रेषा समान अंतरावर आखाव्यात आणि त्या रेषांवरून चित्र कापण्याची सोय वापरावी. नऊ स्वतंत्र संचिका तयार होतात. त्यांना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आरंभ करून ओळीने एक ते नऊ असे क्रमांक द्यावेत. पहिल्या ओळीत १, २, ३, दुसरीत ४, ५, ६ आणि तिसरीत ७, ८, ९ हे तुकडे येतील.

सर्वाधिक चुका होतात त्या यापुढील टप्प्यावर. इन्स्टाग्रामच्या जाळीत सर्वांत नवी पोस्ट वरच्या डाव्या घरात येते आणि आधीच्या पोस्ट एकेक घर पुढे सरकतात. त्यामुळे तुकडे उलट्या क्रमाने चढवावे लागतात. प्रथम ९, मग ८, मग ७ आणि सर्वांत शेवटी १. याउलट पहिल्यापासून आरंभ केला, तर मोराचे डोके खालच्या उजव्या कोपऱ्यात व काठ वरच्या ओळीत जाऊन बसतो. काम चालू असताना चित्र काही काळ विस्कळीत दिसणारच. म्हणून नऊही तुकडे एकाच बैठकीत पूर्ण करावेत. ग्राहकांची वर्दळ कमी असते अशी वेळ त्यासाठी निवडावी.

काम पूर्ण झाल्यावरही एक बंधन उरते. त्यानंतर एकच नवी पोस्ट टाकली, की सर्व तुकडे एकेक घर सरकतात आणि चित्र मोडते. पुढील पोस्ट तीनच्या पटीत टाकल्या, तर संपूर्ण ओळ खाली सरकते व चित्र अभंग राहते. मधलाच तुकडा काढून टाकल्यासही हीच गत होते. निवडक पोस्ट पृष्ठाच्या शिरोभागी स्थिर ठेवण्याची सोय असून तिची मर्यादा तीन आहे. स्थिर पोस्ट एक किंवा दोन असतील, तर पहिल्या ओळीतील उरलेली घरे चित्राचे तुकडे व्यापतात व सांधा चुकतो. म्हणून अशा पोस्ट चित्राबाहेरच्या असाव्यात आणि त्या ठेवल्याच तर तिन्ही ठेवाव्यात.

रोज एक नवी वस्तू दाखवू इच्छिणाऱ्या विक्रेत्यास हे बंधन जाचक वाटू शकते. त्याने नऊ चौकटींचा मोह टाळून तीन चौकटींची एकच ओळ करावी किंवा एकाच पोस्टमध्ये अनेक छायाचित्रे ओळीने ठेवण्याची सोय वापरावी. सणाचा हंगाम, प्रदर्शन वा नव्या मालाचे आगमन अशा प्रसंगी मात्र मोठे चित्र शोभून दिसते.

दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचकाच्या साहाय्याने अशी पृष्ठे ऐकतात, याचेही स्मरण असावे. प्रत्येक छायाचित्रास पर्यायी वर्णन जोडण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे. ‘पैठणीच्या पदराच्या चित्राचा नवांपैकी चौथा भाग, हिरव्या पंखांचा पोपट’ एवढे वर्णनही त्यांना पुरेसे होते.

सोयीमागील जोखीम

विभागणीचे काम क्षणात करून देणारी अनेक ॲप व संकेतस्थळे आहेत. त्यांतील काही उपयुक्त असली, तरी चित्र कापण्याच्या कामास इन्स्टाग्रामच्या पासवर्डची मुळीच आवश्यकता नसते, हे पक्के ध्यानात ठेवावे. विभागणी करून देतो व तुकडे चढवूनही देतो, असे सांगून जे ॲप स्वतःच्याच पानावर खात्याचा पासवर्ड मागते, ते तत्काळ दूर सारावे. फोनमधील सर्व छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितल्यास केवळ निवडक छायाचित्रापुरतीच ती द्यावी. त्याच फोनमध्ये पासबुकाचे, धनादेशाचे वा ओळखपत्राचे छायाचित्रही असू शकते. शिवाय स्थाननोंदणी चालू असल्यास मूळ छायाचित्राच्या संचिकेत ते कोठे घेतले याचीही नोंद राहते. अनोळखी संकेतस्थळाकडे चित्र सोपविताना घराचा पत्ताही त्याबरोबर जाऊ शकतो.

पासवर्ड एकदा परक्या हाती गेला, की हानी चित्रापुरती राहत नाही. विणकर कुटुंबाच्या पृष्ठावर विश्वासून लांबच्या शहरातील ग्राहक आगाऊ रक्कम पाठवितो. पृष्ठाचा ताबा घेणाऱ्याने तेथे स्वतःचा क्यूआर कोड लावला, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि विणकराची पत जाते. पैसे एखादे वेळी परत मिळतील. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामातून जमलेली पत परत मिळविणे फार कठीण. यासाठी खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी, इन्स्टाग्राम व ईमेल यांचे पासवर्ड भिन्न ठेवावेत आणि बँकेचे पासवर्ड त्याहून निराळे असावेत. ग्राहकांनीही पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव पडताळून पाहावे. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळविण्यासाठी तो कधीही द्यावा लागत नाही. आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच आपल्या बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय साहाय्यता क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

समारोप

तात्पर्य, तीनास चार हे प्रमाण, तुकड्यांचा उलटा क्रम, पुढील पोस्ट तीनच्या पटीत आणि पासवर्ड केवळ स्वतःपाशी, ही चार पथ्ये पाळल्यास एका साध्या छायाचित्रातून देखणे दर्शनी पृष्ठ उभे राहते. त्यासाठी महागडा कॅमेरा वा व्यावसायिक कलाकार लागत नाही. कागदावर नऊ घरे आखून त्यांत क्रमांक लिहिणे, ही सर्वांत पहिली व सर्वांत उपयुक्त पायरी होय. जुन्या कारागिरांनी फरशीच्या पाठीवर अंक लिहून साधले, तेच काम हा कागद करतो. बँकेच्या शाखेत येणाऱ्या लघुउद्योजकांशी संवाद साधताना कर्मचाऱ्यांनी या मांडणीबरोबरच तिच्यातील सावधगिरीही आवर्जून समजावून सांगावी. दुकानाची काच लखलखीत असावीच; पण तिच्यामागील गल्ल्याची किल्ली मात्र मालकाच्या कमरेलाच असावी.