गहू न सोसणारे मूल

वाराणसीच्या गल्ल्यांत सकाळ होते ती तेलाच्या कढईपाशी. एकीकडे कचोरी तळली जात असते, शेजारी जिलबी पाकात बुडत असते, आणि शाळेस निघालेली मुले हाती द्रोण घेऊन तेथे उभी असतात. त्यांतच एखादे मूल असे आढळते की, त्याचे वय आठ वर्षांचे असूनही अंगलट पाच वर्षांच्या मुलासारखी दिसते. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, चेहरा फिकट. शौचास वारंवार व पातळ होते. घरची माणसे म्हणतात, ‘खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही.’ हे म्हणणे अक्षरशः खरे असू शकते.

खाल्लेले अन्न अंगी लागते ते लहान आतड्यात. त्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात; त्यांना रसांकुर म्हणतात. पचलेल्या अन्नाचे शोषण त्यांच्याद्वारे होते. गहू व जव या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांना तशी आनुवंशिक प्रवृत्ती लाभली आहे, अशा काहींच्या शरीरात ग्लुटेनमुळे संरक्षक यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. रसांकुर झिजून सपाट होतात व शोषण मंदावते. या विकारास सीलियाक रोग म्हणतात. तो संसर्गजन्य नाही.

सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु दोष कोणत्या अन्नाचा, हे त्यांना उमगले नव्हते. ते शोधले डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गहू वगळल्यास अशी मुले सुधारतात, असे त्यांच्या ध्यानी आले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली व पाव दुर्मिळ झाला. त्या काळातील अनुभवाने त्यांचा तर्क दृढ झाला, आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

भारतात हा रोग मुख्यतः गहू खाणाऱ्या प्रदेशांत आढळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्याचे प्रमाण उत्तर भारतात शेकडा १.२३, तर दक्षिणेत शेकडा ०.१० इतके आढळले.

येथे एक चूक कटाक्षाने टाळावी. संशय येताच घरच्या घरी पोळी बंद करू नये. गहू थांबल्यावर रक्तातील प्रतिद्रव्ये कमी होऊ लागतात, आतडेही भरून येऊ लागते, आणि मग तपासणी फसवी ठरते. आधी रक्ततपासणी, गरज असल्यास दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचा नमुना, आणि निदानानंतरच पथ्य, हा क्रम पाळावा. दीर्घकाळ चालणारे अतिसार इतर कारणांनीही होतात, हेही विसरू नये.

निदान ठरल्यावर औषध एकच: ग्लुटेनरहित आहार, आणि तो जन्मभर. वाराणसीत हे अशक्य नाही. कचोरीऐवजी हिवाळ्यात चूडा-मटर, म्हणजे पोहे व ताजे मटार, मुलास देता येतो. दुपारी डाळभात, डब्यात मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, अंडे, फळे. उपवासाचे राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा हे पदार्थ इतरांना एकादशीपुरते, या मुलाला मात्र रोजचे.

तथापि गहू अनेक वाटांनी घरात शिरतो. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. ज्या गिरणीत गहू दळला, तीतच दळलेल्या बेसनात त्याचा अंश उतरतो. सातू केवळ हरभऱ्याचा आहे की त्यात जव मिसळला आहे, हे विचारूनच घ्यावे. पुऱ्या तळलेल्या तेलात मुलाचा पापड तळू नये. घरात पोळपाट, तवा व पिठाचा डबा त्याच्यासाठी निराळा असावा. विकतच्या पदार्थांवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहावयाचे, तर त्यात दर किलोग्रॅमला २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो चारचौघांत. देवळातील शिऱ्याचा प्रसाद नाकारणे कोणास रुचत नाही. अशा वेळी मुलाने प्रसाद हाती घ्यावा, मस्तकी लावावा व मोठ्यांच्या हाती द्यावा. मित्राच्या वाढदिवसास जाताना आपला खाऊ बरोबर न्यावा. शिक्षकांस आधी कल्पना द्यावी. मात्र मुलास पंक्तीतून वेगळे बसवू नये. ‘एक घास खाल्ल्याने काय बिघडते?’ असे वडीलधारे प्रेमाने म्हणतात. त्या घासाने त्याच दिवशी पोट दुखेलच असे नाही, पण आतड्यास इजा होऊ शकते.

पथ्य नीट पाळल्यास बहुधा काही आठवड्यांतच भूक व उत्साह परततो. रसांकुर पूर्ववत होण्यास अधिक अवधी लागतो. रक्तक्षयासाठी लोह व इतर पूरक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत, आणि उंची व वजन ठराविक काळाने वहीत नोंदवावे. दाराच्या चौकटीवरील उंचीची खूण वर सरकू लागली, की घराला आपल्या श्रमांचे फळ डोळ्यांनी दिसते. वाढीच्या वयात रोग ओळखला गेला, तर मागे पडलेले मूल पुष्कळदा आपल्या सवंगड्यांना गाठते. निदान लांबले, तर गमावलेली उंची पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. म्हणून ‘अंगी लागत नाही’ ही तक्रार घराने व शाळेने वेळीच ऐकावी.