आजोबांची बंदूक पार्सलने पाठवू नकोस

बोळिंज, विरार (पश्चिम)

चि. बाळास,

तुझा बेत दादाने फोनवर सांगितला. आजोबांची ठासणीची बंदूक कुडाळहून पार्सलने माझ्या पत्त्यावर पाठवायची, मी ती इथून कुरिअरला द्यायची आणि न्यू जर्सीला तुझ्या चुलतभावाच्या दिवाणखान्यात ती भिंतीवर लागायची. खोक्यावर काय लिहायचं तेही तू ठरवलंयस म्हणे: ‘लाकडी शोभेची वस्तू’. बंदूक अजून माळ्यावर आहे तोवर हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहितो आहे. ते खोकं बांधू नकोस.

चुलतभावाने तुला सांगितलं ते त्याच्या देशापुरतं खरं आहे. अमेरिकेच्या 1968 च्या बंदूक कायद्याने 1898 पर्यंत बनलेली हत्यारं आणि काळ्या बारुदीवर चालणाऱ्या बहुतेक ठासणीच्या बंदुका वेगळ्या काढल्या. तिथे त्या पुराणवस्तूंत मोडतात आणि टपालानेही पाठवता येतात. बारूद मात्र तिथलं टपालखातंही घेत नाही. पण पार्सल निघणार कुडाळहून, आणि इथे 1959 चा शस्त्र कायदा आहे. या कायद्यात ठासणीची बंदूक हे हत्यारच आहे. शेताच्या राखणीसाठी तिचा परवाना द्यावा असं त्यात वेगळं लिहिलेलं आहे, आणि आजोबांचा परवाना त्याच कारणाचा होता. सूट आहे ती जुनाट किंवा मोडक्या हत्याराला, तेही दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा अवस्थेतल्या. आपल्या बंदुकीची नळी शाबूत आहे, घोडा पडतो. ती चालणारच नाही, हे तू किंवा मी घरबसल्या ठरवून भागत नाही.

‘पेशवाईतली आहे’ असं तू चुलतभावाला कळवलंस, तेही तपासून घे. 1737 ते 1739 या काळात चिमाजीअप्पांची फौज वसईत पोर्तुगिजांशी लढली. त्या मोहिमेत खांद्यावर होत्या त्या बंदुकाही तोंडाकडूनच भरायच्या. जळत्या तोड्याच्या किंवा गारगोटीच्या ठिणगीच्या. आपल्या बंदुकीला तांब्याची टोपी लागते. ती रीत एकोणिसाव्या शतकातली, आणि तशा बंदुका आपल्याकडे परवानाधारक कारखान्यांत स्वातंत्र्यानंतरही बनत राहिल्या. आजोबांनी ती घेतली ती रानडुकरं नि वानरं हाकायला. म्हणजे घडण जुनी, पण वस्तू शंभर वर्षांची असेलच असं नाही. ती शंभरीच्या अलीकडची निघाली तर शस्त्र कायदा पुरता लागू, परदेशी धाडायला त्याच कायद्याचा निर्यात परवाना वेगळा. पलीकडची निघाली तर 1972 चा पुरावशेष कायदा वर येऊन बसतो, आणि त्याखाली खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेताच येत नाही. बारूद ठेवायचं ते शिंगही खोक्यात घालणार असशील तर थांब. ते सांबराचं असेल तर वन्यजीव कायदाही आड येतो.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूस दिसत नाही. नळीत बारूद, वर चिंध्यांचा बोळा, वर छर्रे, सगळं गजाने ठासून बसवलेलं. भरलेली आणि रिकामी बाहेरून सारखीच दिसते. डुकराची वाट बघत रात्रभर माचावर बसून सकाळी बार न काढता बंदूक तशीच खुंटीला लावायची, हे गावाकडे नवं नाही. काळी बारूद कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं निकामी होत नाही. जाणकार माणूस गज तळापर्यंत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीवर धरून बघतो. चार बोटं कमी भरला की आत काहीतरी आहे. हे तू करायचं नाहीस. आत बार निघाला तर काढायला बंदुका दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर लागतो. तोवर घोड्याला हात लावू नको, नळीचं तोंड माणसाकडे करू नको आणि माळ्यावर पोरं चढू देऊ नको. टोप्यांची डबी आणि उरलेली बारूद चुलीत किंवा विहिरीत टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तीही पोलिसांना दाखव.

मी टपाल खात्यात पार्सलच्या कामावर नोकरी केली, म्हणून मला खोकं म्हटलं की आधी ते उचलणारे हात दिसतात. कुडाळच्या स्टेशनावरचा हमाल ते डोक्यावर घेईल. गाडीत त्यावर दुसरी खोकी पडतील. इकडे एखादा विशीतला पोरगा ते स्कूटरवर पायांशी ठेवून बोळिंज नाक्यावरून आमच्या इमारतीत आणेल. त्यातल्या प्रत्येकाने खोक्यावरच्या अक्षरांवर विश्वास ठेवलेला असतो. त्याच्याजवळ दुसरं काहीच नसतं. विमानतळावर यंत्रात नळी आणि चाप दिसतील तेव्हा पहिली झडती तुझी होणार नाही. ज्याने पार्सल घेतलं त्या काउंटरवरच्या माणसाला आधी उभं करतील. खोटा मजकूर लिहिणं याला लोक किरकोळ चलाखी समजतात. मी समजत नाही. दुसऱ्याच्या हातात धोका द्यायचा आणि तो धोका आहे हे त्याच्यापासून लपवायचं, हे आपल्या घरात कुणी केलेलं नाही. आजोबा तर दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करून पावती जपून ठेवत.

आजोबा गेल्यापासून परवाना कुणाच्या नावावर झालेला नाही, म्हणजे आज ती बंदूक घरात आहे हेच नियमाला धरून नाही. अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पण गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवरून नेऊ नकोस. आधी परवान्याचं पुस्तक, जुन्या पावत्या आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला घेऊन दादासोबत ठाण्यात जा, बंदूक भरलेली असू शकते हे स्पष्ट सांग, आणि ती कशी आणायची ते त्यांनाच विचार. पुढे घरात ठेवायची असेल तर वारस म्हणून दादाला ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येईल. माझी ना-हरकत लागेल. ती मी सही करून पाठवतो. ठेवायची नसेल तर रीतसर सोडून द्यावी. माझ्या पत्त्यावर मात्र नको. इथे परवान्याचं काम 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहे, आणि सिंधुदुर्गातल्या नोंदीची बंदूक विनापरवाना माझ्या घरात आली तर मीही गुन्हेगार ठरेन.

तुझ्या चुलतभावाला आजोबांची आठवण हवी आहे, हे मला मनापासून आवडलं. त्याला परवान्याच्या पुस्तकाच्या पानांची छायाचित्रं पाठव; त्यात आजोबांचा फोटो, सही, गावाचं नाव सगळं आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतून रंगवलेली एक लाकडी चौकट करून घे आणि माचावर बसलेल्या आजोबांचा तो फोटो तिच्यात बसव. त्या खोक्यावर ‘लाकडी शोभेची वस्तू’ लिहायला माझी हरकत नाही. चुलतभावाला नकार कळवणं तुला जड जात असेल तर मी कळवतो.

ठाण्यात कधी जाताय ते दादाला मला फोनवर सांगायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका