मॉडेल विमानांसाठी खासगी धावपट्टी

प्रश्न : आमची तीन एकर मुरमाड जमीन पडीक आहे. मॉडेल विमानांसाठी तेथे डांबरी धावपट्टी करावी म्हणतो. जमीन स्वतःची, तेव्हा परवानगी कशाला हवी?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : सातबारा आपल्या नावे असला तरी वरचे आकाश आपल्या मालकीचे होत नाही, म्हणून प्रथम डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राच्या नकाशात आपला गट कोणत्या रंगात पडतो हे पाहणे अगत्याचे आहे. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते. डांबराचा खर्च मात्र मुळीच करू नये. खडे वेचून (एक खडा उडाला की पंख्याचे पाते गेलेच!), पाणी मारून, रोलर फिरवून केलेली आणि वर हरळी धरू दिलेली शंभर मीटरांची पट्टी हौशी माणसास पुष्कळ झाली. ती पूर्व-पश्चिम आखावी, कारण आपल्याकडील पावसाळी वारा बहुधा पश्चिमेचा. आणि उडविणाऱ्याने तिच्या दक्षिणेस उत्तराभिमुख उभे राहावे, म्हणजे हिवाळ्यातले ऊन डोळ्यांवर येत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांची संमती आधीच घ्यावी. शिवारातून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल, तर मात्र दुसरी जागा पाहावी.